चाल आधी, शब्द नंतर : ‘ग्रेसलँड’च्या श्रेयाचं प्रकरण

एखाद्या गावातल्या लोकगायकाला सोबत घेऊन नवं गाणं करायचं ठरतं. पहिल्या बैठकीत सूर जुळतात, दुसऱ्या बैठकीत मुखडा सापडतो, आणि गाणं बाहेर पडायच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी विचारतं, ‘नाव कुणाचं टाकायचं?’ तोवर चहापाणी, जेवणं, बिदागी, फोटो सगळं उरकलेलं असतं. नावाचं बोलणं तेवढं राहिलेलं असतं. मग सगळ्यांना सोयीचा एक शब्द पुढे येतो, ‘पारंपरिक’, आणि ज्याने ती चाल खरोखर बसवलेली असते त्याचं नाव त्या शब्दाखाली कायमचं झाकलं जातं.

हा प्रश्न मला मनापासून छळतो. म्हणून मी पुन्हा पुन्हा एकाच अल्बमकडे जातो : अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमनचा ‘ग्रेसलँड’, १९८६. परक्या मुलखातल्या गीतकारांबरोबर मिळून काम करण्याचं याच्याइतकं गाजलेलं आणि इतकं वादग्रस्त उदाहरण मला माहीत नाही. यात पैशाचा व्यवहार चोख झाला, नावाचा अर्धामुर्धा झाला आणि परवानगीचा चुकला. तिन्ही गोष्टी एकाच कामात, एकाच माणसाच्या हातून घडल्या, म्हणून हे प्रकरण मुळापासून बघण्यासारखं आहे.

सुरुवात एका कॅसेटपासून झाली. १९८३ साली आलेला सायमनचा अल्बम चालला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात हायडी बर्ग या गायिकेने त्याला एक कॅसेट ऐकायला दिली. तिच्यावर दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या वस्त्यांमधलं अकॉर्डियनवरचं नाचाचं संगीत होतं आणि नाव होतं ‘गमबूट्स’. खाणीतले मजूर रबरी बूट घालून, त्या बुटांवर थापा मारत जो नाच करतात त्याचं हे नाव. न्यूयॉर्कहून समुद्रकाठच्या माँटॉक गावाला गाडीने जाता-येता तो तीच कॅसेट लावू लागला, आणि काही दिवसांनी आपण तिच्यावर आपलीच एक चाल गुणगुणतोय हे त्याच्या लक्षात आलं.

पहिला विचार सोपा होता : त्या वाद्यधुनेचे हक्क विकत घ्यायचे, वर आपले शब्द गायचे, काम झालं. जगभर असंच चालतं, आपल्याकडेही. जोहान्सबर्गचा निर्माता हिल्टन रोझेन्थल याने मात्र त्याला वेगळं सुचवलं : एकाच धुनेवर का थांबतोस, इथल्या वादकांबरोबर सगळा अल्बमच कर. जॉनी क्लेगच्या ‘जुलुका’ या गोऱ्या-काळ्यांच्या मिश्र बँडबरोबर रोझेन्थलने काम केलेलं होतं, त्यामुळे तिथली माणसं आणि तिथली अडचण दोन्ही त्याला ठाऊक होतं. त्याने सायमनला तिकडच्या रेकॉर्डींचा गठ्ठा पाठवला. जोहान्सबर्गमधल्या काळ्या वादकांनीही आपसात बोलून, या पाहुण्याला येऊ द्यायचं असं ठरवलं.

त्या वादकांनी आधी बसून विचार केला, याला कारण होतं. याच शहरात १९३९ साली सॉलोमन लिंडा नावाच्या झुलू गायकाने ‘म्बुबे’ हे गाणं रेकॉर्ड केलं. म्बुबे म्हणजे सिंह. ते गाणं पुढे अमेरिकेत इंग्रजी अवतारात घरोघरी पोचलं, सिनेमांत आलं, लहान मुलांच्या तोंडी बसलं. लिंडाला हक्कापोटी मिळाले होते दहा शिलिंग. तो १९६२ साली गरिबीतच गेला, आणि त्याच्या मुलींना न्याय मिळेल अशी तडजोड व्हायला २००६ साल उजाडलं. एखादा गोरा संगीतकार कॅसेट ऐकून भारावलाय, एवढ्यावर जोहान्सबर्गचे वादक हुरळून जाणार नव्हते.

फेब्रुवारी १९८५ मध्ये सायमन आणि त्याचा रेकॉर्डिस्ट रॉय हॅली जोहान्सबर्गच्या ओव्हेशन स्टुडिओत पोचले. दोनेक आठवड्यांचं काम होतं. बरोबर एकही लिहिलेलं गाणं नव्हतं. वादकांनी आपलं वाजवायचं, त्यात रंग भरला की टेप चालू ठेवायची, आणि त्यातून पुढे गाणं काढायचं, अशी पद्धत. लेसोथोमधून अकॉर्डियनवादक फोरेरे मोत्लोहेलोआ आणि त्याचा ‘ताओ एआ मात्सेका’ हा संच आला. शांगान लोकांच्या पद्धतीचं संगीत करणारा जनरल एम. डी. शिरिंडा ‘गाझा सिस्टर्स’ना घेऊन आला. ज्यांच्या धुनेने हे सगळं सुरू झालं ते ‘बोयोयो बॉइज’ आले. ‘स्टिमेला’ बँडचा गिटारवादक रे फिरी आला, ड्रमर आयझॅक म्त्शाली आला, आणि पडदे नसलेला बेस गिटार वाजवणारा बाकिती कुमालो आला.

पैशाचं आधी सांगतो, कारण ते नीट झालं. तिथल्या स्टुडिओत वादकाला दिवसाकाठी सुमारे १५ डॉलर मिळत. सायमनने न्यूयॉर्कच्या दराच्या तिप्पट, म्हणजे तासाला जवळपास २०० डॉलर दिले. गाणं रचण्यात ज्याचा हात असेल त्याला रॉयल्टीत वाटा द्यायचंही ठरलं. वर्णभेदाच्या राज्यात, जिथे काळ्या माणसाला अंधार पडल्यावर गोऱ्यांच्या भागात थांबायला कागद दाखवावा लागे, तिथे ही रक्कम म्हणजे मोठी गोष्ट होती. तरी संध्याकाळ झाली की स्टुडिओतली हवा बदलायची. हात वाद्यावर असायचे आणि लक्ष घरी कसं पोचायचं इकडे. मानधन कितीही दिलं तरी ही भीती काही त्यात भरून निघत नव्हती.

आता त्या दोन आठवड्यांतला एक क्षण जवळून बघू. ‘ग्रेसलँड’ या शीर्षकगीताची जुळणी चालू होती. ड्रम आणि बेसने एक धावता ठेका धरला होता, आगगाडीसारखा. रे फिरी त्यावर गिटारचे सूर लावत होता. लावता लावता त्याने एक मायनर कॉर्ड, म्हणजे उदास छटेचा स्वरमेळ, घेतला. तिथल्या लोकप्रिय संगीतात तीन मेजर कॉर्डांवर अख्खं गाणं फिरत राहतं. हा उदासवाणा वळसा त्यात सहसा येत नाही. सायमनला ते खटकलं नाही, उलट आवडलं. पण हा सूर इथे आला कुठून, याचं त्याला नवल वाटलं. त्याने विचारलं. फिरी हसून म्हणाला की, तुझ्या गाण्यांत असे सूर असतात, म्हणून लावून बघितला.

म्हणजे बघा, पाहुणा यजमानाच्या गाण्याचा अभ्यास करून आला होता आणि यजमानाने पाहुण्याच्या गाण्याचा आधीच केलेला होता. त्या एका कॉर्डमुळे ते गाणं आफ्रिकन आणि अमेरिकन यांच्या मधोमध येऊन उभं राहिलं, आणि पुढे त्यावर मोडलेल्या संसाराचे आणि बापलेकाच्या प्रवासाचे शब्द बसू शकले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ढोलकीवाल्याने ठेक्यात एक जागा अशी सोडली की गाणाऱ्याला तिथेच शब्द सुचले. आता ती जागा कुणाची? अल्बमवर या गाण्याच्या रचनेचं श्रेय एकट्या सायमनला आहे.

टेप घेऊन मंडळी न्यूयॉर्कला परतली आणि खरी कसोटी सुरू झाली. सायमन आयुष्यभर गिटार घेऊन आधी गाणं लिहीत आला होता, वाद्यमेळ नंतर. इथे उलटं झालं. चाल, ठेका, वाद्यं सगळं तयार, शब्द नाहीत. लिहिलेलं बसेना. तो गिटारकडे कान लावून ओळी रचत होता, पण गिटार दर फेरीला किंचित बदलत होती, आणि बदल अपेक्षेपेक्षा वेगळ्याच ठिकाणी येत होता. बऱ्याच खटपटीनंतर त्याला कळलं की या संगीतात वाट दाखवतो तो बेस. बेस ऐकायला शिकल्यावर ओळी बसू लागल्या. इतकं नाव कमावलेल्या माणसाने चाळिशीनंतर आपली ऐकण्याची सवय मोडून नवी लावली, याचं मला फार कौतुक वाटतं. मिळून काम करण्यातला हा भाग कुणाला दिसत नाही, आणि सगळ्यात जास्त दम त्यातच लागतो.

फिरी, कुमालो आणि म्त्शाली यांना त्याने नंतर न्यूयॉर्कलाही बोलावलं. कुमालो जोहान्सबर्गला लागून असलेल्या काळ्यांच्या सोवेटो वस्तीतला, अल्बमचं बोलावणं आलं तेव्हा तो गाड्या दुरुस्त करायचं काम करत होता. ‘यू कॅन कॉल मी अल’मध्ये त्याचा बेसवरचा एक छोटा तोडा आहे, क्षणात संपणारा, ऐकणाऱ्याला दचकवणारा. त्याचा पहिला अर्धा कुमालोने वाजवला आणि दुसरा अर्धा म्हणजे तीच टेप उलटी फिरवलेली. बोटं सोवेटोची, कात्री न्यूयॉर्कची. हे गाणंही श्रेयनामावलीत एकट्या सायमनचं आहे.

तर श्रेयाचा हिशेब असा. एकूण ११ गाणी. ‘द बॉय इन द बबल’वर मोत्लोहेलोआचं नाव आहे. ‘आय नो व्हॉट आय नो’वर शिरिंडाचं. ‘गमबूट्स’वर मूळ धून करणाऱ्या वादकांची. ‘होमलेस’वर झुलू गायक जोसेफ शबालालाचं. ‘डायमंड्स ऑन द सोल्स ऑफ हर शूज’च्या सुरुवातीच्या भागासाठी पुन्हा शबालालाचं. पाच गाण्यांवर वाटून, सहांवर एकटा सायमन.

हा आकडा त्या काळच्या रिवाजाशी ताडून बघितला तर चांगलाच आहे. लिंडाच्या दहा शिलिंगांशेजारी ठेवला तर फारच चांगला. पण पाच आणि सहा यांच्यामधली रेघ नेमकी कुठे ओढली गेली ते बघितलं पाहिजे. धून आधीच तयार होती किंवा गाणारा स्वतः शब्द घेऊन आला होता, तिथे नाव मिळालं. ठेका, कॉर्ड, बेसची चाल स्टुडिओत सगळ्यांसमोर घडली, तिथे तो ‘वाजवणारा’ ठरला आणि त्याची मजुरी चुकती झाली. पाश्चात्त्य कायदा गाणं म्हणजे सूर आणि शब्द असं मानतो. ठेक्याला, जागेला, वाजवण्याच्या ढंगाला तो रचना मानत नाही. पण ज्या संगीतात ठेकाच गाण्याचा जीव आहे, तिथे या व्याख्येने माणसं आपोआप बाहेर पडतात. रे फिरीने पुढे आपल्याला पुरेसं श्रेय मिळालं नाही अशी खंत बोलून दाखवली. पूर्व लॉस एंजेलिसच्या ‘लॉस लोबॉस’ बँडचंही शेवटच्या गाण्याबद्दल तेच म्हणणं होतं, आणि सायमनने ते नाकारलं. दोघांपैकी खरं कोण, हे मी ठरवू शकत नाही. टेप चालू असतानाच कागदावर वाटे लिहिले गेले असते तर हा वाद उभा राहिला नसता, इतकं मात्र मी ठामपणे म्हणेन. गाणं गाजल्यावर प्रत्येकाच्या आठवणीला धार चढते आणि ज्याच्या हातात कागद आहे त्याची आठवण खरी ठरते.

परवानगीचं प्रकरण याहून अवघड. डिसेंबर १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी सांस्कृतिक संबंध तोडण्याचा ठराव केला होता. सायमनने सन सिटी या तिथल्या ऐषारामी रिसॉर्टमधली आमंत्रणं आधीच नाकारलेली होती, तेव्हा त्याचा कल कुठे होता याबद्दल शंका नको. जाण्यापूर्वी त्याने गायक हॅरी बेलाफॉन्टेचा सल्लाही घेतला. बेलाफॉन्टेचं म्हणणं होतं की आधी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसशी, म्हणजे वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या मंडेलांच्या पक्षाशी, बोल. तो न बोलताच गेला. त्याचं म्हणणं असं की, मी तिथे कार्यक्रम करायला जात नाही, सरकारला पैसा देत नाही, काळ्या वादकांबरोबर काम करतो आणि त्यांनीच मला बोलावलंय. कलावंताने राजकीय पक्षाची परवानगी का घ्यायची?

हा युक्तिवाद वरवर पटतो. मलाही बरीच वर्षं पटत होता. पण बहिष्कार हे तुरुंगात आणि परदेशात अडकलेल्या माणसांच्या हातातलं थोडक्या हत्यारांपैकी एक होतं, आणि त्याची धार सगळ्यांनी पाळण्यावर अवलंबून होती. त्यातून कोण सुटणार हे बाहेरच्या एका कलावंताने स्वतःच ठरवलं, तर उद्या दुसराही ठरवेल. वादकांची हौस आणि गरज खरी होती, त्यांचं आमंत्रणही खरं होतं. पण वादक म्हणजे अख्खा समाज नव्हे. गाण्याच्या कामाला आपण एका मंडळाची परवानगी घेतो आणि ती गावाची समजतो, तीच ही चूक. एका फोनने निदान विरोधाची कल्पना तरी आली असती.

अल्बम ऑगस्ट १९८६ मध्ये आला आणि पेटलाच. १९८७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हॉवर्ड विद्यापीठातल्या काळ्या विद्यार्थ्यांनी सायमनला समोरासमोर धारेवर धरलं. त्यांच्या लेखी हे आमच्या संगीतावर मारलेला डल्ला होता. फेब्रुवारीत त्याने झिंबाब्वेच्या हरारेमध्ये रुफारो स्टेडियमवर कार्यक्रम केले. त्यात दक्षिण आफ्रिकेची गायिका मिरियम मकेबा आणि तिथलाच ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला, दोघंही मायदेशाबाहेर हद्दपारीत जगणारे, त्याच्या बाजूने उभे राहिले. एप्रिलमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलबाहेर निदर्शनं झाली. म्हणजे वर्णभेदाविरुद्ध लढणारी माणसंच सभागृहाच्या आत आणि बाहेर अशी वाटली गेली. त्याच वर्षी अल्बमला ‘अल्बम ऑफ द इयर’चा ग्रॅमी मिळाला. १९९२ च्या जानेवारीत मंडेला यांच्या पाठिंब्याने सायमन जोहान्सबर्गमध्ये गायला, तेव्हाही सगळ्यांचा राग निवळलेला नव्हता.

एवढं सगळं मांडल्यावर आता ‘होमलेस’कडे येतो, कारण या अल्बममध्ये मिळून रचणं सगळ्यात निखळ झालं ते तिथे.

जोसेफ शबालालाचा ‘लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो’ हा संच. लेडीस्मिथ हे त्याच्या घराजवळचं गाव, ब्लॅक म्हणजे काळा, कष्टाळू बैल, आणि मम्बाझो म्हणजे कुऱ्हाड, समोरच्या संचांना तोडून काढणारी. ते ज्या पद्धतीने गातात तिला ‘इसिकाथामिया’ म्हणतात. शब्दाच्या मुळाशी आहे पाय न वाजवता चालणं. गावाकडून खाणीत आणि कारखान्यात आलेले पुरुष कामगारांच्या वसतिगृहांत राहात. शनिवारी रात्री चढाओढीचे सामने लागत, ते पहाटेपर्यंत चालत. पहारेकऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून चवड्यांवर नाचायचं, आणि वाद्य एकही नाही. पुढे एक गाणारा, मागे खर्जातले झीलकरी. आपल्या गिरणगावात खोलीखोलीतून कोकणातली माणसं भजन आणि शक्ती-तुरा जागवत होती, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना ही रात्र वेगळी समजावून सांगायला नको.

या संचाबरोबर सायमनला वाद्यांवरून सुरुवात करता येणार नव्हती. त्याने घरी आपल्या आवाजात एक तुकडा गायला, चांदण्यात, तळ्याकाठी झोपलेल्या बेघरांबद्दलच्या दोन-तीन इंग्रजी ओळी, आणि ती टेप शबालालाला पाठवून दिली. सोबतचा निरोप साधारण असा होता की, यात तुला हवं ते बदल, पुढे न्यायचं तिकडे ने. म्हणजे गाणं अर्धवटच पाठवलं, आणि अर्धवट पाठवलं म्हणूनच समोरच्याला आत शिरायला दार राहिलं. शबालालाने एका झुलू लग्नगीताचा आधार घेतला, त्यातली कड्याकपारीत निजणाऱ्यांची ओळ सायमनच्या ओळींच्या आधी ठेवली, आणि दोन भाषा एकमेकींत अशा गुंफल्या की सांधा सापडत नाही.

रेकॉर्डिंग लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत झालं. पहिल्या दिवशी जमलं नाही. मंडळी हॉटेलवर परतली, आपल्या खोल्यांत आपल्या पद्धतीने गाणं पुन्हा बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी ते पुरं होऊन आलं. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. स्टुडिओचं घड्याळ, काचेपलीकडची माणसं, तासाचे दर यांच्या बाहेर, स्वतःच्या खोलीत रात्र मिळाली तेव्हा ते गाणं त्यांचं झालं. लोकगायकांबरोबर रेकॉर्डिंग ठरवणाऱ्याने वेळापत्रकात ही रिकामी रात्र मुद्दाम धरायला हवी, आणि तिचेही पैसे द्यायला हवेत.

‘डायमंड्स’ तर अल्बम बाहेर पडायला उशीर झाला म्हणून जन्मलं. १९८६ च्या मे महिन्यात संच एका टीव्ही कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला आलेला होता. त्या मुक्कामात ते रचून रेकॉर्ड झालं आणि शेवटच्या घडीला अल्बममध्ये गेलं. पुढल्या वर्षी सायमनने शबालालाच्या संचाच्या स्वतंत्र अल्बमची निर्मिती केली आणि १९८८ साली त्या अल्बमला ग्रॅमी मिळाला. शबालाला २०२० च्या फेब्रुवारीत गेला तोवर संचाने पाच ग्रॅमी घरी नेले होते. त्यात सायमनने उघडलेल्या दाराचा वाटा आहे आणि तो मान्य करायला मला अडचण नाही. पण १९७३ सालच्या त्यांच्या पहिल्याच अल्बमने दक्षिण आफ्रिकेत विक्रीचे उच्चांक गाठले होते, हेही त्याच दमात सांगायला हवं. त्यांना कुणी खाणीतून शोधून काढलं नव्हतं.

आपल्याकडे शाहीर कवनाच्या शेवटच्या चौकात स्वतःचं नाव गुंफतो. कागद हरवतो, वही पाण्यात जाते, पण नाव गाणाऱ्याच्या तोंडातच राहतं, कुणाला काढता येत नाही. ‘होमलेस’चा शेवट नीट ऐका. इंग्रजी ओळी संपतात, तळं आणि चांदणं मागे पडतं, आणि संच झुलूत आपल्याबद्दल बोलू लागतो, शनिवार रात्रीच्या सामन्यात बोलत असेल तसाच : आम्ही जिंकणारे, आम्ही सगळा मुलूख जिंकला, आम्ही इंग्लंडात जिंकलो, आम्ही लंडनमध्ये जिंकलो.